एक रकमन, बुटांसह

फर्गसचे पणजोबा म्हणजे माझे वडील, जोसाया ट्रेविन. त्यांनी बुंडारी फुटबॉल क्लबचे मैदान स्वतःच्या गव्हाच्या शेतातून कापून दिले आणि त्यानंतर मरेपर्यंत दर शनिवारी त्याच्या कडेला उभे राहून, जमीन आपली आहे या एकाच अधिकारावर, पंचांचा उद्धार केला. फर्गसचे आजोबा म्हणजे माझे यजमान, क्लेम डॉरिटी. ते बुंडारीकडून दोनशे बारा सामने खेळले आणि शेवटची वीस वर्षे जिना उतरताना त्यातला प्रत्येक सामना गुडघ्यांतून ऐकवत राहिले. फर्गसचा बाप म्हणजे माझा मुलगा नेव्हिल. तो अकरा सामने खेळला, अकराही दुय्यम संघातून, आणि पुढे दातांचा डॉक्टर झाला. त्याबद्दल मी त्याला क्षमा केलेली आहे. या तिघांनंतर फर्गस. वय एकोणीस, उंची दोन मीटर आणि वर एक सेंटिमीटर. माझ्या घरातल्या प्रत्येक दाराच्या चौकटीशी त्याचे वैर आहे.

फर्गस रकमन आहे, आणि त्याचे आजोबाही रकमनच होते. रकमन म्हणजे कोण, हे ज्यांना सांगावे लागते त्यांच्याविषयी मला सहानुभूती वाटते, तरी सांगते. आमचा फुटबॉल हातांनीही खेळतात. पंच मैदानाच्या मध्यावर चेंडू आपटून आभाळात उडवतात, तेव्हा दोन्ही संघांचा एकेक ताडमाड पुरुष त्याच्यासाठी झेपावतो, एकमेकांच्या बरगड्यांत गुडघे रोवतो आणि चेंडू आपल्या माणसांकडे ढकलतो. बाकीचे सतरा जण मग त्या चेंडूचे वाटोळे करतात. एकूण माणसे अठरा. हा आकडा लक्षात ठेवावा. माझी सारी मानहानी त्या आकड्याभोवती फिरते.

गेल्या नोव्हेंबरात फर्गसने राष्ट्रीय लीगच्या ड्राफ्टसाठी, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीसाठी, नाव दिले होते. ड्राफ्टविषयी माझी मते सर्वश्रुत आहेत, कारण मी ती सर्वांना ऐकवलेली आहेत. जो संघ वर्षभर सर्वांत वाईट खेळला, त्याला सर्वांत चांगला मुलगा उचलण्याचा पहिला मान. मी एकतीस वर्षे शाळेत शिकवले, पण नापास झालेल्या वर्गाला पेढे वाटण्याची कल्पना माझ्या मनाला कधी शिवली नाही. त्यातही आपला नंबर संघ एकमेकांशी बदलतात. 'पुढच्या वर्षीची दुसऱ्या फेरीतली निवड' नावाची एक वस्तू तिशीच्या कसलेल्या बचावपटूच्या बदल्यात दिली जाते. ही वस्तू म्हणजे कोण? तर आज कुठल्यातरी गावात भूगोलात नापास होत असलेला, आपण विकले गेलो आहोत याची गंधवार्ता नसलेला एक मुलगा. माझ्या वडिलांच्या काळी जळाऊ लाकडाच्या एका गाडीच्या बदल्यात खेळाडू देत. पण त्या व्यवहारात एक सरळपणा होता: हिवाळ्यात जास्त वेळ कोण जळेल, हे दोन्ही पक्षांना ठाऊक असे.

फर्गसला त्यांनी गुरांच्या बाजारात पाहतात तसे पाहिले. पोटाची कातडी चिमटीत धरून मोजली. हात पसरायला लावून पंखांची लांबी घेतली. त्यांचा एक माणूस माझ्या स्वयंपाकघरात बसून, क्रीम आणि जॅम लावलेले चार स्कोन खाऊन, घराण्यात कुणाला हृदयविकार आहे का असे विचारून गेला. बाप शंभर सामने खेळलेला असला तर मुलाला बापाच्या संघात जाण्याची सवलत असते; पण बाप नेव्हिल. आज्यांसाठी कसलाच नियम नाही. मी त्याबद्दल त्यांना दोनदा पत्र लिहिले.

निवडीच्या संध्याकाळी आम्ही सगळे दूरदर्शनसमोर बसलो. चौसष्ट नावे वाचली गेली. पासष्टावे नाव नव्हते. फर्गस उठला आणि त्याने सगळ्या बशा धुतल्या. अठरा वर्षांच्या मुलाने न सांगता बशा धुतल्या की घरात काहीतरी मोडले आहे असे समजावे. त्यानंतर तो सामने खेळला, धान्याच्या कोठारावर कामाला गेला, माझ्या छपराची पन्हळे साफ करून दिली. हसला मात्र नाही.

अशा स्थितीत जूनमध्ये जिल्हा लीगचे पत्र आले. एका हंगामात ज्या संघाला तीन वेळा अठरा माणसे उतरवता येणार नाहीत, तो संघ पुढील हंगामापासून नजीकच्या संघात विलीन करण्यात येईल. आमच्या दोन वेळा होऊन गेल्या होत्या. पहिल्यांदा पेरणी चालू होती आणि चार गडी ट्रॅक्टरवर होते. दुसऱ्यांदा सहा गडी एका लग्नासाठी बालीला गेले, आणि त्यांतला एक तिथल्याच मुलीशी लग्न करून राहिला. आता आम्ही सतरा उरलो होतो. त्यांत आमच्या अध्यक्षांचा मेहुणा धरला होता, ज्याचे वय शेहेचाळीस आहे आणि ज्याला धावताना कोणी पाहिलेले नाही. आणि आमच्या नजीकचा संघ म्हणजे टॉरिक क्रीक. टॉरिक क्रीकची जर्सी घालून बुंडारीची मुले माझ्या वडिलांच्या शेतात खेळणार, हे चित्र डोळ्यांसमोर आले आणि मी ते पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचले.

क्लबची चिटणीस मी आहे. तेव्हा एक माणूस मिळवणे हे माझे काम. एकच माणूस, एकाच शनिवारपुरता. पुढच्या शनिवारी बालीवाले परत येणार होते. इतके लहान काम मी हाती घेतल्याचे मला आठवत नाही.

सल्ला घेण्यासाठी मी विराक लिमच्या बेकरीत गेले. विराकचे आईवडील कंबोडियाहून आले, तो बुंडारीत जन्मला, आणि खेळाडूंच्या अदलाबदलीच्या बाबतीत त्याची बेकरी हे आमचे सर्वोच्च न्यायालय आहे. अध्यक्ष डग हॅलोरन तिथे आधीच मांस भरलेली पेस्ट्री घेऊन उभा होता. तो सांडपाण्याच्या टाक्या उपसण्याचा व्यवसाय करतो आणि क्लबही त्याच पद्धतीने चालवतो.

"टॉरिककडे माणसं उतू चाललीयत," डग म्हणाला. "सहा जण नुसते बाकावर बसून संत्री खातात. एक मागितला तर देतील."

"देतील, पण तिथं चिटणीस कोण आहे?" विराकने विचारले.

डगने पेस्ट्रीवर टोमॅटो सॉस ओतला आणि त्याकडे फार वेळ पाहिले. "मिसेस डी, फोन तुम्हीच करा. तुमची नात्यातली आहे."

टॉरिक क्रीकची चिटणीस ऊना डॉरिटी ही माझी नणंद आहे. क्लेमची धाकटी बहीण. आम्ही दोघी एकमेकींशी फक्त अंत्यविधीच्या वेळी बोलतो, आणि तेही मृताविषयीच.

"टॉरिक क्रीक. बोला."

"ऊना, मी बोलतेय."

"मी कोण?"

"होनोरा डॉरिटी."

"हां, मिसेस डॉरिटी. कोण गेलं?"

"कुणी गेलेलं नाही. आम्हाला एक माणूस हवा आहे. शनिवारपुरता."

मग ती म्हणाली, "मागेही तुम्हाला एकच हवा होता. तोही शनिवारपुरताच."

हे मला सांगणे भाग आहे. सन एकोणीसशे त्रेसष्टच्या ऑगस्टमध्ये आमचा रकमन कापणीयंत्रावरून पडून पाय मोडून बसला. टॉरिकला त्या शनिवारी सामना नव्हता. माझे वडील त्यांच्याकडे गेले आणि तेव्हाच्या रीतीप्रमाणे कागद भरून आले. रीत अशी होती: गडी कायमचा सोडायचा तर पांढरा कागद, एका शनिवारपुरता उसना द्यायचा तर गुलाबी. गुलाबी कागदावर वडिलांनी लिहून दिले: 'एक रकमन, बुटांसह. एका शनिवारसाठी. परत करणे.' खाली सही. त्या शनिवारी क्लेम डॉरिटी आला, मध्यंतरात माझ्या चहाच्या टेबलाशी थांबला, आणि माझ्याशी बोलण्याच्या नादात त्याने चहात सात चमचे साखर घातली. तो चहा तो प्यायला. असा पुरुष परत करण्याची माझी पद्धत नाही. त्या वर्षी टॉरिक अंतिम सामना एका गुणाने हरले, आणि तेव्हापासून आजतागायत त्यांनी विजेतेपदाचे निशाण पाहिलेले नाही. ऊना तेव्हा अठरा वर्षांची होती.

"कागद अजून माझ्याकडे आहे," फोनवर ऊना म्हणाली. "'बुटांसह' लिहिलंय त्यात. तुमच्या वडिलांचं अक्षर छान होतं."

"ऊना, मला अठरा माणसं करायची आहेत."

"आमचा रकमन चारचाकी बाइकवरून पडलाय. गळ्याचं हाड गेलं. तुमचा फर्गस द्या शनिवारला. मी दोन देते. मिबस बंधू."

डिर्क आणि आर्लो मिबस. डिर्क गोल मारतो. आर्लो मारत नाही, पण दोघांत मिळून एक गाडी आणि एकच लायसन्स असल्यामुळे ते जोडीनेच मिळतात. मी लगेच हो म्हटले नाही. घाई करणाऱ्याला बाजारात कुत्रेही विचारत नाही. मी चारपर्यंत आकडे मोजले आणि मग हो म्हटले.

विराकने पावाच्या पिशवीवर हिशेब मांडला. "सतरा वजा एक, अधिक दोन. अठरा. एकाच्या बदल्यात दोन, मिसेस डी. मोठ्या लीगमध्ये माणसं असल्या सौद्यासाठी किडनी देतील. मी असतो तर तिसराही मागितला असता."

"तू असतास तर व्हॅनिला स्लाइसमध्ये थोडं व्हॅनिलाही घातलं असतंस," मी म्हटले. पण मनातून मी प्रसन्न होते, हे मान्य करते.

आता कागद राहिलेले नाहीत. सगळे संगणकावर आहे. नियम असा की ज्या संघाचा खेळाडू, त्या संघाच्या चिटणिसाने तो सोडायचा. ऊनाने तिचे दोघे बुधवारी सोडले. मग मी बसले. पडद्यावर फर्गसचे नाव, त्याचा एक अत्यंत वाईट फोटो, आणि खाली दोन बटणे: एक पांढरे, एक गुलाबी. त्यांवर बारीक अक्षरांत काही छापलेले होते. माझा चष्मा शेजारच्या खोलीत होता. पण गुलाबी म्हणजे काय, हे मला वाचून समजण्याची गरज नव्हती. मी गुलाबी दाबले. यंत्राने विचारले, तुम्हाला खात्री आहे का? मला एकोणीसशे बेचाळीस सालापासून प्रत्येक गोष्टीची खात्री आहे. मी 'होय' दाबले.

शनिवारी बुंडारीचे अठरा गडी मैदानात उतरले. आम्ही एक्याण्णव गुणांनी हरलो, परंतु संपूर्णपणे नियमांनुसार हरलो. डिर्क मिबसने सहा-सहा गुणांचे पाच गोल मारले आणि प्रत्येक गोलाला मैदानाभोवती उभ्या केलेल्या गाड्यांचे भोंगे वाजले. आर्लो एकदा चेंडूच्या अगदी जवळून गेला. तिकडे टॉरिककडून फर्गस खेळला आणि ते जिंकले. सामन्यानंतर क्लबच्या निधीसाठी मांसाच्या थाळीची सोडत काढण्यापूर्वी डगने भाषण करून माझ्या मुत्सद्देगिरीची तारीफ केली. विराकने दुप्पट जाडीचा नवा स्लाइस काढून त्याला 'एकास दोन' असे नाव दिले. रविवारी मी तो चर्चनंतर खाल्ला. त्यात व्हॅनिला होते.

सोमवारी सकाळी फर्गस परत आपल्या यादीत आला की नाही, हे पाहायला मी संगणक उघडला. मिबस बंधू नेमाने टॉरिकला परत गेले होते. फर्गसच्या नावासमोर लिहिले होते: 'टॉरिक क्रीक. कायमची बदली.' मी चष्मा लावला. मजकूर तोच होता, फक्त मोठा.

मी जिल्हा कार्यालयाला फोन केला. ब्रेडन नावाचा कोणी बोलला.

"मॅडम, तुम्ही स्वतःच कायमची बदली दिलीय."

"मी गुलाबी बटण दाबलं."

"बरोबर. गुलाबी म्हणजे कायमची. पांढरं म्हणजे एका सामन्याचा परवाना."

"बाळा, गुलाबी म्हणजे एक शनिवार. तुझे आजोबा लंगोटात होते तेव्हापासून."

"असेल मॅडम, पण सिस्टिममध्ये तसं नाहीये. आणि बदल्यांची मुदत काल पाच वाजता संपली. आता या वर्षी फक्त एकेका सामन्याचे परवाने."

"हे रंग ज्याने ठरवले त्याच्याशी मला बोलायचं आहे."

त्याने मला चाळीस मिनिटे संगीत ऐकवले. अखेरीस कळले की रंग ठरवणारा गृहस्थ रजेवर असून बालीला गेला आहे. बालीवरून आठवले: आमच्या बालीवाल्या सहांपैकी परत आलेल्या पाच जणांची पोटे अशी बिघडली होती की डॉक्टरांनी त्यांना हंगामभर मैदानापासून दूर राहायला सांगितले. म्हणजे आम्ही आता सोळा. सात शनिवार शिल्लक, आणि एक जरी हुकला तरी क्लब टॉरिकच्या पोटात. दुसऱ्या कुठल्या संघाकडे द्यायला माणसे नव्हती. दर आठवड्याला दोन परवाने देऊ शकणारी जगात एकच बाई होती.

कार्यकारिणीची सभा चार वाजता होती. तिथे उभे राहून 'चूक झाली' असे म्हणायचे मी ठरवले. हे दोन शब्द मी आरशासमोर म्हणून पाहिले. उच्चार जमत होता. तीन वाजता फर्गसची गाडी दारात थांबली. नेहमीप्रमाणे तो आत येताना चौकटीला डोके आपटून आला, पण चौकटीला काही बोलला नाही.

"आजी, खरं सांग. तू मला टॉरिकला देऊन टाकलंस?"

"फर्गस, त्याचं असं झालं की—"

"त्यांच्या कोचचा फोन आला. म्हणे ऊना आत्याआजीनं स्वतः मागितलं मला. माझ्यासाठी दोन माणसं सोडली. दोन, आजी. त्यातला एक डिर्क मिबस." तो खुर्चीत बसला, त्याचे गुडघे टेबलाच्या वर आले. "चौसष्ट नावं वाचली त्यांनी नोव्हेंबरात. मला वाटलं होतं, मी कुणालाच नकोय. आणि इथं तुम्ही दोन म्हाताऱ्या माझ्यावरून सौदे करताय."

आणि तो हसला. आठ महिन्यांनी. अगदी क्लेमसारखे, डावीकडून सुरू होणारे.

"काय म्हणत होतीस? कसं झालं?"

आयुष्यात मी एकही वाक्य अर्धे सोडलेले नाही. ते सोडले. "काही नाही," मी म्हटले. "तुझ्या आत्याआजीला माणसाची पारख आहे. ती मला उशिरा कळली."

चार वाजता कार्यकारिणीसमोर मी जाहीर केले की फर्गसची बदली मी विचारपूर्वक केलेली आहे.

"मिसेस डी," डग हळूहळू म्हणाला, "आपला गेला कायमचा. त्यांचे आले एका शनिवारचे. याला काय म्हणायचं?"

"दूरदृष्टी."

"किती दूरची?"

"तुला दिसत नाही इतकी."

विराकने खिशातून खोडरबर काढले. दुसऱ्या दिवशी 'एकास दोन'च्या जागी 'एकास शून्य' अशी पाटी लागली आणि स्लाइस पुन्हा पातळ झाला. पोस्टात माझ्यासाठी रांग सोडण्याची प्रथा बंद पडली. बारा वर्षांपासून माझ्याकडून मुरंबा नेणाऱ्या शेजारणीने बरण्या परत आणून दिल्या, रिकाम्या, पण न धुता. राष्ट्रीय पातळीवर असे सौदे करणाऱ्यांना लोक निदान टोपणनावाने, दुरून शिव्या देतात; मला नावानिशी आणि तोंडावर दिल्या. बुधवारी क्लबच्या दालनात गेले तर कोणीतरी माझ्या वडिलांची तसबीर भिंतीकडे तोंड करून टांगलेली. मी ती सरळ केली. वडिलांच्या चेहऱ्यावरून वाटले, तिकडून त्यांना जास्त बरे दिसत होते.

खरे सांगितले असते तर हे सारे एका मिनिटात थांबले असते. 'म्हातारीला बटण कळलं नाही', गाव हसले असते, आणि पुढच्या मिनिटाला फर्गसला कळले असते की त्याला कोणीच निवडले नव्हते. तो चष्म्याअभावी गेला. ट्रेविन घराण्यातली माणसे शिव्या खाऊन मरत नाहीत. माझे वडील उलट त्यांवर पोसले गेले होते.

गुरुवारी सकाळी मी कपाटातून क्लेमचे बूट काढले. घोट्याच्या वर येणारे, चामड्याचे, तळाला चामड्याचेच खुंटे ठोकलेले. क्लेमला जाऊन नऊ वर्षे झाली, पण दर वसंतात मी त्यांना मेंढीची चरबी चोळते. चामडे आहे, त्याला कोण गेले हे कळत नाही. ते मी स्वच्छ पंच्यात गुंडाळून गाडीत शेजारच्या आसनावर ठेवले. गाडी किंचाळू लागली, तेव्हा त्यांना पट्टाही बांधला. टॉरिक चौदा मैलांवर आहे. त्या रस्त्याने मी एकसष्ट वर्षांत सहा वेळा गेले, सहाही वेळा काळ्या कपड्यांत.

ऊनाने दार उघडले. तिचेही नाक क्लेमचेच आहे.

"मिसेस डॉरिटी. कोण गेलं?"

"माझी अब्रू. आत येऊ का?"

तिने मला स्वयंपाकघरात बसवले आणि किटली ठेवली. मी गाडीत जुळवलेले भाषण सुरू केले. "ऊना, फर्गसच्या बदलीबाबत—"

"गुलाबी दाबलंत ना?"

मी तिच्याकडे पाहिले.

"मीही आधी गुलाबीच दाबलं होतं, मिबसांसाठी," ती म्हणाली. "हात आपोआप तिकडेच गेला. मग त्यानं विचारलं, खात्री आहे का. तेव्हा चष्मा लावला."

"मला खात्री होती."

"ती तुम्हाला कायमच असते."

"तुला कळलं होतं तर फोन का नाही केलास? रविवारी पाचपर्यंत वेळ होता."

तिने चहा ओतला. आधी माझा, मग तिचा. "मीही पुष्कळ रविवार फोनची वाट पाहिली, मिसेस डॉरिटी. गुलाबी म्हणजे एकच शनिवार, असं तुमचे वडील याच टेबलाशी बसून माझ्या वडिलांना सांगून गेले. त्या कागदावर क्लेम गेला तो गेलाच. त्या यंत्राला कुणी शिकवलं मला ठाऊक नाही, पण गुलाबी म्हणजे काय ते बरोबर शिकवलंय."

मला उत्तर सुचले नाही. माझ्या दिनदर्शिकेत चार जुलैवर तशी खूण आहे.

माझ्याकडे मागण्यासारखे पुष्कळ होते. पण आधी देणे भागवावे, मग मागावे, हे वडिलांनी शिकवले होते, स्वतः एकदा विसरले तरी. मी पंचा सोडला आणि बूट टेबलावर ठेवले.

ऊनाने कप खाली ठेवला. उजवा बूट उचलून तिने त्याची जीभ बाहेर ओढली. आतल्या बाजूला तापलेल्या तारेने डागलेली दोन वेडीवाकडी अक्षरे आहेत, क्लेमच्या नावाची आणि आडनावाची. ती मी हजार वेळा पाहिली होती. कुणी डागली, हे विचारायचे मला कधी सुचले नव्हते.

"तार जास्त तापली होती," ऊना म्हणाली. "त्यानं मला आठवडाभर चिडवलं. म्हणाला, असलं अक्षर असेल तर तू चिटणीस होशील." तिने बुटात हात घातला आणि तो तसाच राहू दिला. "नाडी नवी दिसते."

"एक्याऐंशी साली बदलली."

"चरबी कुठली लावता?"

"मेंढीची."

"बैलाची बरी असते," ती म्हणाली, आणि खिडकीकडे पाहू लागली. मी चहात साखर घातली. किती घातली कोण जाणे. तो मला पिता आला नाही.

कप बाजूला सारून मी म्हटले, "आम्ही सोळा आहोत."

"मोजता येतं मला. मिबस येतील. हंगाम संपेपर्यंत, दर शनिवारी. पांढरं बटण. चष्मा लावून दाबीन."

"आणि फर्गसला कळू देऊ नकोस. चुकून झालं म्हणून."

"चुकून काय झालं?" ऊना म्हणाली.

ती उठली, बूट काखेत धरूनच, आणि कपाटातून बिस्किटांचा डबा काढला. डब्यात तो कागद होता. गुलाबी रंग उडून आता साध्या कातडीचा झालेला. वडिलांचे अक्षर खरोखरच छान होते. तिने ड्रॉवरमधून पेन काढले, दोनदा हातावर ओढून पाहिले.

"वहिनी, आज तारीख काय?"

एकसष्ट वर्षांत हा शब्द तिने माझ्यासाठी वापरला नव्हता. मी तारीख सांगितली. वडिलांच्या सहीखाली तिने सावकाश लिहिले: 'एक रकमन मिळाला. बुटांसह.' मग कागद माझ्याकडे फिरवला आणि साक्षीदाराची जागा बोटाने दाखवली.

मी चष्मा लावला, दोनदा वाचले, आणि सही केली.